सुरमईचा शेरा

बाईंनी आमच्या टोपावरचं झाकण उचललं. विचारलं नाही, सांगितलं नाही. चपला पडवीत काढल्या, बाहेरच्या खोलीतून सरळ आत आल्या आणि चुलीपुढे वाकून झाकण उचललं. वाफ तोंडावर आली तशी मान मागे घेतली. मग परत वाकून बघितलं.

"सुरमई आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या संस्थेच्या कार्यवाहांकडे वळून त्यांनी भुवया उडवल्या. कार्यवाह हसले. ते हसू मी पाहिलं. आईनं पाहिलं नाही, ती ताटं पुसत होती.

ही दोघं आमच्याकडे जेवायला आली नव्हती. आम्ही गरीब आहोत की नाही, ते बघायला आली होती. मुंबईची एक संस्था. आपल्याच जिल्ह्यातून तिकडे जाऊन मोठी झालेली माणसं ती चालवतात आणि दरवर्षी इथल्या 'गरजू व होतकरू' मुलांची फी भरतात. मला बारावीला चांगले मार्क पडले होते. फार्मसीला जायचं ठरलं होतं. म्हणजे होतकरू असल्याचं सिद्ध झालं होतं, गरजू असल्याचं राहिलं होतं. ते घरी येऊन तपासायची त्यांची पद्धत. गृहभेट म्हणतात तिला. शब्द किती छान आहे.

आमचं घर पावसच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेला. दोन खोल्या आणि पडवी. बाबा जयगडला बंदरावर एका कंत्राटदाराकडे कामाला होते. शिडीवरून पडले, कंबरेला मार बसला, आता आधाराशिवाय उभं राहता येत नाही. कंत्राटदारानं सुरुवातीला दवाखान्याचं बघितलं, मग फोन उचलायचं बंद केलं. आई आंब्याच्या मोसमात कॅनिंगला जाते, आंब्याचा रस डबाबंद करतात तिथं. मोसम संपला की काजूच्या कारखान्यात, नाहीतर कुणाच्या लावणीला. आमच्याकडे रोज भात आणि कुळथाची पिठी असते. कधी सुका बांगडा. हे सगळं अर्जात लिहिलं होतं, पिठी सोडून.

पण पाहुणे येणार म्हटल्यावर आईचं डोकं वेगळं चालतं.

"मुंबयसून येतायत ती माणसं. त्यांना काय पिठी घालू?" ती म्हणाली होती.

मासेमारी बंदीचे दिवस जवळ आले होते, मासळी महाग झाली होती. कॅनिंगच्या मुकादमाकडून तिनं मजुरीची उचल घेतली आणि सकाळी सुरमई आणली. शेजारून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. लग्नातली चादर काढून बाबांच्या खाटेवर घातली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भिंतीला पाठ टेकून ताठ बसले. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते गालात हसले. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांना बघायला येणार होतं.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना विचारलं, "कसं वाटतंय आता?"

"बरा हाय आता," बाबा म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? घरी आलेल्या माणसाला कुणी दुखणं सांगत बसतं का? आमच्याकडे मरणाला टेकलेला माणूसही बरा हाय म्हणतो. समोरचं माणूस काय ते समजून घेतं. बाईंनी मान डोलावली आणि मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं.

मग जेवणं. बाई पाटावर बसल्या, कार्यवाहांना गुडघ्यांचा त्रास म्हणून त्यांचं ताट खुर्चीवर. आई वाढत होती. बाई अर्धी पोळी मोडून थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, केवढं केलंत हे. रोज असतं की काय असं?"

आईनं कालवणाची पळी तशीच हातात धरली आणि हसून म्हणाली, "ह्ये काय, आमचं रोजचंच हाय. लाजू नका. पोटभर जेवा."

इथं मला थांबून सांगायला हवं, कारण सगळं या वाक्यावरून झालं.

हे वाक्य म्हणजे माहिती नाही. आमच्या भागात ते कुणी माहिती म्हणून बोलत नाही आणि माहिती म्हणून ऐकतही नाही. पाहुण्याला वाटू नये की आपल्यापायी या घराला खर्चात पडावं लागलं, त्याच्या घशाखाली घास नीट उतरावा, म्हणून ते म्हणायचं असतं. कोंबडी उसनी आणली असली तरी म्हणायचं. घरातलं तेल संपून चार दिवस झाले असले तरी म्हणायचं. यावर पाहुण्यानंही 'काय पण तुमचं' असं काहीतरी म्हणायचं आणि जेवायचं. लहान पोरांनाही हे कळतं.

बाईंनाही कळत होतं. हे मी ठामपणे म्हणते. कारण त्याच ताटावर बसून त्या म्हणाल्या होत्या, "आमचं गाव गुहागरकडचं. लहानपणी सुट्टीला यायचो. माझी आई अस्संच कालवण करायची." दोनदा मागून घेतलं त्यांनी. कार्यवाहांनी तळलेल्या तुकडीची चव घेत घेत डोळे मिटले. निघताना आईनं त्यांच्या गाडीत आंब्याची लहान पेटी ठेवली. कॅनिंगवाल्यांनी कामगारांना मोसमाच्या शेवटी दिलेली. आमची तेवढीच होती. आम्ही अजून फोडली नव्हती.

गाडी वळणाआड गेली तेव्हा आई खूश होती. "जेवली गो चांगली," म्हणाली. खुर्च्या परत करायला ती स्वतः गेली आणि शेजारी सांगून आली की पोरीचं काम झालं.

काम झालं नव्हतं.

आमच्या घरात मोबाइलला रेंज नसते. कातळावर वर जाऊन उभं राहावं लागतं. तिथंच मी कार्यवाहांना फोन लावला, कारण पुष्कळ दिवस झाले तरी काही कळलं नव्हतं आणि प्रवेशाची मुदत जवळ येत होती.

"हां हां, पावसची मुलगी," ते म्हणाले. "अगं, तुझं नाव यादीत नाही. बाईंनी शेरा मारलाय. तुमच्याकडे रोज सुरमई असते म्हणे. आमच्या घरी महिन्यातून एकदा आणतो आम्ही."

आणि हसले. त्या दिवशी दाराशी हसले होते तसंच.

मी काहीतरी बोलले असेन. मला आठवतं ते एवढंच की ते पुढे म्हणाले, "शिवाय पेटी दिलीत. वडीलही बरे आहेत. तुझ्याहून वाईट परिस्थितीतली मुलं आहेत, त्यांचा विचार नको का करायला?"

फोन ठेवला. उन्हानं कातळ तापलेला होता. पायाला चटका बसत होता आणि मला तिथून हलता येत नव्हतं. मला आईचा राग आला. भयंकर राग आला. काय गरज होती सुरमईची? काय गरज होती ते वाक्य म्हणायची? घरी जाऊन मी तिला सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"पण तसं म्हणतातच ना," ती म्हणाली. "तिनंच इचारलान म्हणून म्हटलं."

मग परत तांदूळ निवडायला लागली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

कॉलेजातल्या आमच्या सरांनी कार्यवाहांशी बोलून घेतलं. सर भला माणूस, माझा अर्ज त्यांनीच भरून घेतला होता. ते म्हणाले, रविवारी रत्नागिरीत संस्थेची समिती बसते आहे, आईला घेऊन ये, गैरसमज दूर करून टाकू. आईनं कारखान्यातला रविवारचा जादा रोज बुडवला. बँकेत जाताना नेसते ती साडी नेसली. एसटीत बसल्यापासून ती तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होती. मी विचारलं नाही.

एका मंगल कार्यालयाचा हॉल होता. पुढे लांब टेबल, त्यावर पांढरं कापड. मधे कार्यवाह, त्यांच्या शेजारी बाई, आणखी तीन पुरुष. त्यांच्यापुढे चहा आणि काजू. टेबलासमोर खुर्ची नव्हती. बोलावलेल्यांनी उभं राहायचं अशी व्यवस्था. मागे भिंतीला लावलेल्या बाकांवर मुलं आपापल्या आयांसोबत बसली होती, आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याचं सगळं ऐकत. माझ्या आधीच्या मुलाला विचारलं, "वडील पितात का?" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. तो मुलगा हो म्हणाला आणि त्याच्या आईनं तोंड फिरवलं. त्याला शिष्यवृत्ती मिळाली.

मग आम्ही. आई माझ्या मागे अर्धं पाऊल.

कार्यवाह खरंच मायेनं बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हे बघ बाळ, विषय छोटा आहे. मार्क तुझे उत्तम आहेत, कागदही ठीक आहेत. फक्त बाईंच्या अहवालावर तो शेरा आहे. शेरा पुसायचा तर कारण लागतं. आईंनी त्या दिवशी खोटं सांगितलं, एवढं मान्य करा. तू दोन ओळी लिहून दे, खाली आईंचा अंगठा किंवा सही. मग आपण मोकळे."

"सही येते तिला," मी म्हटलं.

"उत्तम."

 बाई काजू निवडत होत्या. अख्खे घेत होत्या, तुटलेले बाजूला सारत होत्या.

मी कागद घेतला. हे लपवत नाही. मला शिकायचं होतं. माझ्यासमोर फार्मसीचं कॉलेज होतं, आणि नाही गेले तर आईच्या शेजारचा कारखान्यातला पाट होता, काजूच्या टरफलातल्या चिकानं काळे झालेले हात होते. पेनाचं टोपण काढलं. दोनच ओळी. कुणाचं काय जातं?

तेवढ्यात आई पुढे आली. एसटीत घोकत होती ते आता बोलायला लागली. "बाय, माज्याकडनं चुकी झाली. मी अडाणी बाई. मी खोटं बोललंय. रागावू नका. माज्या पोरीला..." आणि टेबलाला वळसा घालून ती बाईंच्या पायांशी वाकली. बाई तिच्याहून लहान असतील. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. आपल्याला कुणी नमस्कार करतं तेव्हा ज्या सवयीनं हात वर होतो, तसा त्यांचा हात वर झाला.

त्या हाताकडे मी बघत होते. काजूचा हात. आणि खाली आईचा अंबाडा, त्यात खोचलेली अबोली. बाहेर जायचं म्हणून माळलेली.

  मी टेबलामागे गेले, आईच्या दंडाला धरलं आणि तिला उभं केलं. ती उठायला तयार नव्हती. मी जोर लावला.

"ती खोटं बोलली नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मागे बाकांवरची कुजबुज थांबली.

कार्यवाह म्हणाले, "म्हणजे रोज सुरमई असते तुमच्याकडे?"

दोन-तीन जण हसले. हा त्यांचा सापळा होता आणि तो मला नीट दिसला. हो म्हटलं तर आम्ही श्रीमंत. नाही म्हटलं तर आई खोटारडी. आमच्यासाठी तिसरी जागा त्यांनी ठेवलीच नव्हती.

मी बाईंकडे बघितलं. "बाई, तुमचं गाव गुहागरकडचं ना. तुमच्या घरी पाहुणे यायचे तेव्हा तुमची आई काय म्हणायची?"

बाईंचा चेहरा बदलला. मला एक क्षण वाटलं, बोलतील. त्यांना आठवलं होतं. मी शपथेवर सांगते, त्यांना त्यांची आई आठवली होती, तेच वाक्य म्हणणारी.

"त्याचा इथे संबंध नाही," त्या म्हणाल्या.

"आहे," मी म्हटलं. "तुम्हाला जेवताना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती तसं म्हणाली. तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. कळूनही तुम्ही ते आमच्या विरुद्ध लिहिलंत. माझ्या बाबांचे दवाखान्याचे कागद तुमच्यापुढे आहेत. तलाठ्याचा दाखला आहे. आईच्या मजुरीचा दाखला आहे. ते सगळं खोटं आणि टोपातली सुरमई खरी?"

"बाळ, तू भावनेच्या भरात बोलतेस," कार्यवाह म्हणाले. "लिहून दे आणि विषय संपव. आम्ही तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"मला पैशांची गरज आहे," मी म्हटलं. "ती गरज मी हजारदा लिहून देईन. पण आई खोटं बोलली असं मी लिहून देणार नाही. आणि ती माफी मागणार नाही."

कागद तसाच कोरा त्यांच्यापुढे ठेवला. पेन त्यांचं होतं, तेही ठेवलं. कुणी थांबवलं नाही. पुढच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं, आणि आम्ही दारापर्यंत पोचायच्या आत तिला विचारलेला पहिला प्रश्न मला ऐकू आला. घरात टीव्ही आहे का.

अशा गोष्टींमध्ये यानंतर आईचे डोळे भरून येतात आणि ती लेकीला जवळ घेते. माझ्या आईनं मला जवळ घेतलं नाही. ती माझ्याशी बोललीच नाही. स्टँडवर नाही, एसटीत नाही. पावसला उतरल्यावर चढ चढताना मधेच थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "माजा मान सांबाळलास. तुजी फी कोन सांबाळनार?"

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, तिनं दिली नाही. 

"मी वाकलं असतं तर काय झालं असतं गो?" ती म्हणाली. "आयुष्यभर वाकतंयच हाय. कुणाच्या शेतात, कुणाच्या कारखान्यात. एकदा तुज्यासाठी वाकत होतं, तर तूच उभी केलीस."

हे तिचं बोलणं मला अजून झोंबतं. कारण ते चूक नाही. तिनं माझ्यासाठी स्वतःचा मान द्यायचं ठरवलं होतं आणि मी तो देऊ दिला नाही. तिला न विचारता. पण तिचा मान म्हणजे तिच्या एकटीची चीज नव्हती. तो घेऊन मी कॉलेजला गेले असते तर रोज वर्गात बसताना त्याच्यावर बसले असते. हे मी तिला नीट सांगू शकले नाही. कातळावरच्या वाटेवर मी एवढंच म्हटलं, "माझी फी मी बघीन." आणि ती म्हणाली, "बग तर."

मग मी बघायला लागले. त्याच कातळावर, रेंज शोधत. सरकारची सवलत अर्ध्या फीची, तीही कॉलेजच्या खात्यात कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. राहायचं, जेवायचं, पुस्तकांचं आपलं आपण. म्हणून बाहेरच्या शिष्यवृत्त्या. कंपन्यांच्या, ट्रस्टच्या, परदेशातल्या मराठी मंडळांच्या. सरांनी काही सांगितल्या, काही मी शोधल्या. मला वाटायचं, मदत करणारी माणसं कमी असतील. तसं नाही. पुष्कळ आहेत. पण त्यांतल्या कितीतरी जणांना आमची गरज नुसती कळून पुरत नाही, ती बघायची असते. घराचा समोरून फोटो, दारात कुटुंब उभं. 'तुमच्या हलाखीचं वर्णन तुमच्या शब्दांत करा.' एकानं तर व्हिडिओ मागितला, आईवडिलांनी कॅमेऱ्यात बघून अडचणी सांगायच्या, देणगीदारांना दाखवायला. रत्नागिरीतल्या एका ताईंनी मला फुकट सल्ला दिला. गॅसची शेगडी दिसू देऊ नको, चूल दिसू दे, आणि आईला जरा डोळ्याला पदर लावायला सांग. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी अशी कितीतरी मुलं पार लावली होती.

मी फोटो पाठवले नाहीत. व्हिडिओ केला नाही. पहिल्या फेरीतला प्रवेश हातचा गेला. दुसऱ्या फेरीत लांबचं कॉलेज मिळालं, कोल्हापूरच्या पलीकडे. एका ट्रस्टनं नुसते कागद तपासले, कॉलेजला फोन करून खात्री केली आणि फी भरली. त्यांतलं कुणी आमच्या घरी आलं नाही, कुणाला भेटायची इच्छाही नव्हती. त्यांना मी पोच लिहून पाठवली, नीट, मनापासून. असंही देता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाकीचं बँकेचं कर्ज आणि हॉस्टेलच्या मेसमध्ये सकाळचं काम. आता चारपैकी दुसरं वर्ष चालू आहे. त्या ट्रस्टची मदत एकाच वर्षाची होती, या वर्षाची फी कर्जातून भागवली. म्हणजे पुन्हा शोध, पुन्हा अर्ज. पुढच्या वर्षाची फी भरली जाईल की नाही, हे आज मला माहीत नाही. नाही भरली गेली तर घरी यावं लागेल, आणि काजूच्या कारखान्यात जागा कायम असते.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या प्रतिष्ठानाचा फोन आला. बोलणारा मुलगा माझ्याच वयाचा असावा. निवड जवळजवळ झाली आहे, म्हणाला, फक्त समारंभात आईवडिलांसह स्टेजवर यायचं, चेक घेताना आईनं दोन शब्द बोलायचे. काय बोलायचं ते तो लिहून पाठवणार होता. व्हॉट्सॲपवर आलंही लगेच. 'आम्ही गरीब माणसं, आमच्या मुलीला तुम्ही पदरात घेतलंत.'

मी मेसच्या मागच्या पायरीवर बसून ते वाचलं. रक्कम मोठी होती. तिच्यात उरलेली दोन्ही वर्षं निघाली असती. मी आईला फोन केला आणि वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "म्हणीन की. त्यात काय. पाठ करीन."

मी म्हटलं, "नको."

"परत तेच?"

"हो. परत तेच."

तिनं फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही.

मी त्या मुलाला उत्तर लिहिलं. मदत हवी आहे, कागद सगळे दिले आहेत, आणखी हवे असतील तर देते. चेक घ्यायला मी एकटी येईन, नमस्कार करीन, आभारही मानीन, ते माझ्या शब्दांत. आई येणार नाही. तुमचं लिहिलेलं कुणी म्हणणार नाही. चालत असेल तर कळवा.

अजून कळवलेलं नाही. कळवतील असं मला वाटत नाही. आज रात्री मी दुसऱ्या अर्जाला बसणार आहे, आणि तोही नाही झाला तर तिसऱ्याला. हात पसरायची मला लाज नाही. गरज माझी आहे आणि शिक्षणावर हक्कही माझा आहे, दोन्ही मी कुठेही छातीठोक सांगेन. पण माझ्या फीसाठी माझ्या आईला कुणाहीपुढे वाकायला लावणार नाही. त्यापायी कॉलेज सुटलं तरी नाही. तिला स्वतःला वाकायचं असलं, तरीही नाही.